अपुल्लोची शिकवणी

खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र मराठीत आहे, पण जिथे राग आला तिथे बाई कन्नडात शिरल्या आहेत. त्यात नवल नाही. आपल्या भागात राग आणि लाड या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या माहेरच्या भाषेतच होतात. मजकूर थोडक्यात असा. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. सासरे चर्चच्या कमिटीवर होते, आता नवरा आहे. थोरल्या मुलाने बैलहोंगलकडची मुलगी पसंत केली. तिने दोन वर्षे विचार करून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला. मुलगी गुणी आहे, कामाला वाघ आहे, सासू-सासऱ्यांना मान देते. तक्रार एकच. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ती प्रश्न विचारते. वचन वाचून झाले की सगळे डोळे मिटणार, तेवढ्यात हिचे 'याक?' येते. असं का? तसं का नाही? सासरे उत्तर देतात, तर पुन्हा 'याक?'

"आम्ही तीन पिढ्या जे मानत आलो ते हिला दोन वर्षांत अपुरं वाटायला लागलं. हिला नम्रता कशी शिकवावी?" असे बाईंनी विचारले आहे. आणि शेवटी, बहुधा माझे समाधान व्हावे म्हणून, लिहिले आहे की यजमान एकदा जरा मोठ्याने बोलले, तेव्हापासून दोन आठवडे ती गप्प बसते. मुलगा मात्र हल्ली प्रार्थनेच्या वेळी दुकानातून उशिरा येतो.

ताई, तुमच्या पत्रातले मला सर्वांत काळजीचे वाटले ते तिचे प्रश्न नव्हेत, हे शेवटचे दोन आठवडे.

नम्रता हा शब्द आपल्या घरांत फार सोयीने वापरला जातो. धाकट्याने थोरल्यापुढे, नव्याने जुन्यापुढे, सुनेने सासूपुढे ठेवायची ती नम्रता. उलट दिशेने हा शब्द चालताना दिसत नाही. पण पवित्र शास्त्रात मला तो बऱ्याचदा उलट दिशेनेच चालताना दिसतो, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आहे. चार-पाच ओळींची गोष्ट आहे. उपदेशात ती क्वचित येते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

अपुल्लो नावाचा एक यहूदी गृहस्थ इफिसास आला. गाव आलेक्सांद्रिया. त्या काळचे ते विद्येचे माहेरघर, मोठ्या ग्रंथालयाचे शहर. आपल्याकडे कुणी काशीहून शिकून आला म्हटल्यावर लोक जसे सावरून बसत, तसेच तिथे झाले असणार. माणूस वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, मनाने उत्साही होता. सभास्थानात उभा राहून तो निर्भयपणे बोलू लागला. बोलत होता ते खोटे नव्हते. येशूविषयी नीटच सांगत होता. फक्त त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापर्यंतचेच ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते.

श्रोत्यांत एक जोडपे होते, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. धंदा तंबू करण्याचा. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिला म्हणून इटलीतून निघालेले, करिंथात पौलाबरोबर एकाच धंद्यावर बसलेले, आणि आता इफिसात आलेले. म्हणजे कातडे किंवा जाडेभरडे कापड, सुई-दोरा, घट्टे पडलेली बोटे. या दोघांच्या लक्षात आले की या विद्वानाचे काही राहून गेले आहे. त्यांनी काय केले? सभेत उभे राहून त्याला टोकले नाही. बाहेर जाऊन, 'बघितलंत का, याला एवढंही माहीत नाही,' असेही म्हणाले नाहीत. त्याला आपल्याकडे बोलावून घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला.

आता त्या खोलीतला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला आलेक्सांद्रियाचा पंडित, दुसऱ्या बाजूला तंबू शिवणारे नवरा-बायको, आणि शिकवणाऱ्यांत बायकोही आहे. प्रिस्किल्लेचे नाव नव्या करारात बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या आधी येते, तेव्हा बोलण्यात तीच पुढे असेल असे मला आपले वाटते. अपुल्लोने 'तुम्ही कोण मला सांगणार?' म्हटले असते तर त्या काळच्या रीतीप्रमाणे ते कुणाला वावगे वाटले नसते. तो तसे म्हणाल्याची नोंद नाही. त्याने ऐकले. पुढे अखयात जायचे ठरल्यावर मंडळीने त्याला शिफारसपत्र दिले, आणि तिथे त्याचा विश्वासणाऱ्यांना फार उपयोग झाला. पौल करिंथकरांना लिहितो की आपण लावले आणि अपुल्लोने पाणी घातले. एवढ्या मोठ्या कामाच्या आधी त्या माणसाची एका कारागिराच्या घरी शिकवणी झाली होती.

मला विशेष वाटते ते हे की अपुल्लो चुकत नव्हता. चुकणाऱ्याला शिकवणे तसे सोपे. ठेच लागली की तो स्वतःच थांबतो. ज्याचे बरोबर आहे पण पुरते नाही, त्याला शिकवणे अवघड. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे याच जागी उभे असते. स्तोत्रे पाठ, संडे स्कूलची बक्षिसे कपाटात, आजोबांचे नाव चर्चच्या जुन्या रजिस्टरात. सगळे खरेच असते. त्यामुळे राहून काय गेले, हे आपल्याला कधी कळायचे?

'ख्रिस्ती' हा शब्द सगळ्या नव्या करारात फक्त तीन वेळा येतो. पहिल्यांदा अंत्युखियात, आणि तोही लोकांनी दिलेला. त्याउलट 'शिष्य' हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो. मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ शिकणारा. शिकून मोकळा झालेला असा त्याचा अर्थ नाही. आपल्या दोन्ही भाषांत शिकणे आणि शिकवणे एकाच धातूचे आहेत. मराठीत 'शिक' आणि 'शिकव', कन्नडात 'कली' आणि 'कलिसु'. आधी शिकणे, मग त्याला प्रत्यय लावून शिकवणे. प्रत्यय पुसला तरी धातू उरतो, उलटे होत नाही. माझे माहेर धारवाडकडचे, सासर बेळगावचे, त्यामुळे ही गंमत मला दोन्हीकडून दिसली.

आता तुमच्या 'याक?'कडे येते. प्रश्न विचारणारी बाई नम्र नसते, हा समज फार जुना आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका ज्यांना बसला त्या पंडिता रमाबाई. त्या आपल्या दोन्ही भाषांच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे कारकळकडच्या माळ गावचे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. म्हणजे पदवीच्या बाबतीत त्या अपुल्लोच्या वरच्या.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि लगेच त्यांचे प्रश्न सुरू झाले. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात नेमका कुठे सांगितला आहे? चर्चच्या मतांगीकाराला मी होकार द्यायचा तो समजून की न समजता? क्रॉसवरची अक्षरे लॅटिनमध्ये का, आमच्या बायकांना ती भाषा कुठे येते, संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांनाही शिकवावे असे निघाले, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यावरही रमाबाईंनी विचारले, का नाही? त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा त्यांच्यावर जीव होता, पण या सगळ्यात त्यांना अहंकार दिसला. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला आहे. तो वाचताना मला दोघींचीही कणव येते. एकीला वाटते, ही वाकत नाही. दुसरीला वाटते, मला सदसद्विवेकबुद्धी देवानेच दिली आहे, ती मी गुंडाळून कशी ठेवू?

मग रमाबाई गर्विष्ठ होत्या का? पुढचे आयुष्य बघा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे या विदुषीने बालवाडीचे शिक्षण घेतले, लहान मुलांना ठोकळे आणि गाणी यांतून कसे शिकवतात ते शिकण्यासाठी विद्यार्थिनी होऊन बसल्या. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी, शारदा सदन चालवत असताना, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण खुद्द ख्रिस्त सापडायचा राहिला आहे. हे त्यांना विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचताना उमगले. १९०७ मध्ये त्यांनी हे स्वतः छापून प्रसिद्ध केले. कुणी विचारले नव्हते. तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले होते, केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली-बायका त्यांच्या आश्रयाला होत्या. आणि उतारवयात, कान अधू झालेले असताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबल साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचे होते म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी तडीस नेले होते.

बिशपापुढे 'का?' विचारणारी आणि बालवाडीच्या वर्गात जाऊन बसणारी बाई एकच होती. मला तर वाटते, या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या. ज्याला खरेच शिकायचे आहे तोच विचारतो. ज्याला शिकायचे नसते तो 'हौदु, हौदु' म्हणत मान हलवतो आणि घरी जातो. आपल्या उपासनेत 'हौदु, हौदु'वाले थोडे नाहीत. त्यांना आपण नम्र म्हणतो, कारण त्यांचा त्रास होत नाही.

शिकवायला आलेल्यांनीच आधी शिकायला बसण्याची आपल्या मातीत जुनी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, इथल्या ओवीच्या पायाशी बसला, आणि १६१६ मध्ये त्याचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. कन्नडात फर्डिनांड किट्टेल. हा जर्मन मिशनरी १८५३ मध्ये आला, धारवाड-हुबळीकडे राहिला, जैन वैयाकरण केशिराजाचे 'शब्दमणिदर्पण' त्याने अभ्यासून संपादित केले, आणि सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये काढला. चाळीस वर्षांत त्याने किती जणांना 'ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?' असे विचारले असेल! उपदेशकाला दुसऱ्याच्या धर्मातल्या ग्रंथकाराकडून व्याकरण शिकताना कमीपणा वाटला नाही.

घरातले उदाहरण द्यायचे तर माझ्या सासूबाईंचे देते. त्या बेळगावच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, मराठी बायबल तोंडपाठ असल्यासारखे. नातवाला आम्ही कन्नड शाळेत घातले. तो घरी येऊन कन्नडात गोष्टी सांगू लागला, आणि माझी आई मुक्कामाला आली की आजी-नातू कन्नड बायबल घेऊन बसत. सासूबाई बाजूला. एके दिवशी त्यांनी पाटी मागितली. वय एकसष्ट. पहिलीच्या नातवाला म्हणाल्या, "तुझी ती जिलबीची अक्षरं मलाही काढून दे." नातू मास्तर म्हणून फार कडक निघाला, चुकले की पाच वेळा काढायला लावी. त्या काढत. वर्षभराने त्या मार्काचे शुभवर्तमान कन्नडात वाचू लागल्या, बोट ठेवून, अडखळत. आणि मग एकेका शब्दापाशी थांबून माझ्या आईला विचारू लागल्या. दोन विहिणी, त्याही दोन भाषांच्या! लग्नात ज्यांचे मानपानावरून वाजले होते, त्या तासन् तास एका ओळीवर बसत. आम्हा सगळ्यांत सर्वांत जास्त बायबल ज्यांना येत होते, त्याच सर्वांत जास्त प्रश्न विचारत.

त्यांच्याच एका संध्याकाळी डोंगरावरचे प्रवचन निघाले. पृथ्वीचे वतन ज्यांना मिळणार ते मराठीत 'सौम्य' आहेत. कन्नड बायबल त्यांना 'शांतरु' म्हणते. सासूबाई म्हणाल्या, शांत म्हणजे गप्प का? आईने सांगितले, नाही, कन्नडात त्यात मनाची निवांत स्थिती येते. मग सौम्य म्हणजे? सौम्य आपण औषधाला म्हणतो, तिखटाला म्हणतो, पण सौम्य औषध गुण देतेच की! दोघींनी पाने चाळून काढले की मत्तयाच्या ११ व्या अध्यायात येशू हाच 'सौम्य' शब्द स्वतःसाठी वापरतो, आणि तिथेच आपले जू घ्या व आपल्यापासून शिका म्हणतो. आणि हाच येशू मंदिरातली चौरंग-मेजे उलथी करतो. म्हणजे सौम्य म्हणजे मुका नव्हे, हे त्यांनी त्या दिवशी कुठल्याही पाळकसाहेबांच्या मदतीशिवाय ठरवले.

त्या जुवाविषयी एक. बायबलात कन्नडमध्ये 'नोग'. शेतकऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको, नवा खोंड एकटा जुंपत नाहीत. त्याला मुरलेल्या बैलाशेजारी धरतात. जुना बैल वाट जाणतो. पण खोंड जोडीला आल्यावर जुन्यालाही पाय बेताने टाकावा लागतो, मागेपुढे व्हावे लागते. दोघांच्या मानेवर लाकूड एकच असते. ताई, तुमच्या घरात सध्या हेच चालले आहे असे समजा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल ही बाई सुनांचीच वकिली करते. शिकण्याची तयारी म्हणजे येईल ते गिळणे नव्हे. बिरुया गावचे लोक पौलाचे बोलणे आनंदाने ऐकत आणि मग रोज शास्त्र काढून ते तसे आहे का हे तपासून बघत. पौलासारख्या माणसाला तपासले म्हणून लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, त्यांची स्तुती करतो. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी कुणा ना कुणा उपदेशकाचे भाषण येते, अमुक तारखेला असे होणार म्हणून भाकिते येतात, बरे होण्यासाठी औषध सोडा म्हणणारेही येतात. हे पुढे ढकलणारे बहुधा आपण थोरलेच असतो, तरुण मुले कमी. तिथे मात्र आपल्या तोंडून 'याक?' निघत नाही! घरातल्या सुनेचा प्रश्न खुपतो आणि अनोळखी माणसाची चित्रफीत खपते, हे काही खरे नाही. आणि तुमच्या सुनेलाही एक सांगा, प्रेमाने. दोन वर्षांत जे वाचले त्याने सासऱ्यांच्या साठ वर्षांच्या प्रार्थनेचे माप काढायचे नसते. कुठलीही रात्र त्यांनी गुडघ्यांवर काढली असेल, ती तिला दिसलेली नाही. तिने विचारावे, आणि उत्तराला जागाही ठेवावी. प्रिस्किल्लेनेदेखील अपुल्लोला चारचौघांत नव्हे, घरी नेऊन सांगितले.

पण आधी तुमच्या यजमानांनी बोलायला हवे. मोठ्याने बोलणारा तो, म्हणून पहिले पाऊलही त्याचे. काही समजावून सांगायची गरज नाही. उद्या वाचन झाले की त्यांनी डोळे मिटण्याआधी तिच्याकडे बघून एवढेच विचारावे, 'बाळ, तुला यात काय वाटतं?' उत्तर येत नसेल तर 'मला हे ठाऊक नाही, आपण बघू' हे वाक्य म्हणण्याची सवय करावी. कमिटीवरच्या माणसाला ते पहिल्यांदा जड जाते, पण दुसऱ्यांदा तेवढे जात नाही. मुलगा दुकानातून वेळेवर यायला लागला की मला एक कार्ड टाका.

जमल्यास दोन्ही भाषांची बायबले मांडा. तो उतारा तिने कन्नडात वाचावा, तुम्ही मराठीत. जिथे शब्द जुळत नाहीत तिथे थांबावे. आमच्याकडे अजून तसेच चालते, सासूबाई नाहीत तरी. प्रश्न विचारण्याचा पहिला मान सर्वांत धाकट्याचा, असा नियम आहे. गेल्या आठवड्यात लूकचा दुसरा अध्याय होता, बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मधे बसून त्यांचे ऐकतो आणि त्यांना प्रश्न विचारतो तो भाग. धाकट्या नातीने विचारले, "त्यानं काय काय विचारलं?" लूकने ते लिहिलेले नाही. मराठीत बघितले, कन्नडात बघितले, कुठेच नाही. तिचे आजोबा म्हणाले, मला ठाऊक नाही. बुधवारी पाळकसाहेब चहाला येणार आहेत, तोवर तिने तो प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे, आणि खाली स्वतः आणखी तीन घातले आहेत.